धुराची खोली

माझ्या वडिलांची, नानांची, काडेपेटी विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत राहिली. ट्रे सरकत होते त्या पट्ट्याच्या शेजारी प्लास्टिकचं एक खोकं ठेवलेलं होतं. त्यात लायटर आणि काडेपेट्यांचा ढीग, लाल, निळे, हिरवे, एक जुना पितळी. जवानानं नानांच्या शर्टाच्या खिशातली काडेपेटी काढली, हलवून बघितली आणि त्या ढिगावर टाकली. बिडीचा कट्टा मात्र परत दिला. नाना खोक्याकडे वाकून बघत राहिले. मागच्या रांगेतला माणूस चुळबुळ करायला लागला तेव्हा मी त्यांचा दंड धरून त्यांना पुढे घेतलं.

"काडी नाही म्हणतो. बिडी राहू दे म्हणतो," ते म्हणाले. "मग करायचं काय हिचं?"

मे 2018 मधली गोष्ट. धाकटा भाऊ फ्रँकफर्टला नोकरीला, त्याच्या मुलीचा पहिला वाढदिवस, आणि त्यासाठी नाना आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होते. वय 69. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर टॉवेल विणण्यात त्यांची 38 वर्षं गेली. मी पुण्यात नोकरी करते, त्यांच्यासोबत जायला सुट्टी काढली होती. कुठल्या विमानतळावरून निघालो ते लिहीत नाही, देशातल्या मोठ्या विमानतळांपैकी एक एवढं पुरे.

तयारी सगळी केली होती. व्हिसा, विमा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि त्यांची चिठ्ठी, विमानात थंडी वाजते म्हणून कानटोपी, चटणीची पुडी तीन पिशव्यांत गुंडाळून. बिडीचा विचार केला नव्हता. खरं सांगायचं तर केला होता आणि मुद्दाम बाजूला ठेवला होता. टर्मिनलच्या दारातून आत शिरल्यापासून फ्रँकफर्टच्या दारातून बाहेर पडेपर्यंत चौदा तास. बरं झालं, तेवढाच खंड पडेल, असं माझ्या मनात होतं. नानांच्या जागेपणीचे तीन तास बिडीशिवाय गेलेले मला आठवत नाहीत, हे ठाऊक असून मी तसा विचार केला.

इमिग्रेशनची रांग संपेपर्यंत त्यांच्या हाताला चाळा लागला होता. शर्टाचं वरचं बटण काढायचे, लावायचे, परत काढायचे. मी पाणी दिलं, नको. चहा? नको. नातीसाठी काय काय घेतलं ते मी बोलत राहिले, ते हूं हूं करत होते. मग एकदम थांबले आणि आमच्या घरच्या तेलुगूत म्हणाले, "पोरी, इथं कुठं तरी जागा असंल की. एवढी माणसं आहेत. सगळीच काय देव आहेत का?"

जागा होती. ती सापडायला मला पस्तीस मिनिटं लागली.

विमानतळावर प्रत्येक गोष्टीला पाटी असते. गेट, स्वच्छतागृह, पाणी, बाळाचे कपडे बदलायची खोली, प्रार्थनेची खोली. धूम्रपानाच्या खोलीचीही पाटी असते, पण अडचण चित्रात आहे. सिगारेटच्या चित्रावर तिरकी लाल रेघ असली तर मनाई, नसली तर परवानगी. लांबून बघणाऱ्या म्हाताऱ्या डोळ्यांना दोन्ही पाट्या सारख्याच. नाना दोनदा मनाईच्या पाटीखाली जाऊन उभे राहिले. एकदा तर त्यांनी बिडी काढून ओठात धरली आणि जवळचा रक्षक त्यांच्याकडे चालत येताना मी बघितला. काडी नव्हती म्हणून बिडी पेटली नव्हती, पण अपमान व्हायचा तो झाला.

वाट ड्यूटी फ्रीच्या दुकानातूनच जात होती. भिंतभर सिगारेटची मोठी खोकी, प्रत्येकात दोनशे, वरून स्वच्छ पांढरा उजेड. माहितीच्या काउंटरवरच्या मुलीनं नम्रपणे हात दाखवला, सरळ जा, मग डावीकडे. तिथे गेलो तर दाराला कुलूप आणि दुरुस्तीची इंग्रजी सूचना. दुसऱ्या टोकाला आणखी एक आहे, असं कोणी म्हणालं. नानांचे नवे बूट चावत होते. शेवटी स्वच्छतेची गाडी ढकलत जाणाऱ्या एका माणसाला विचारलं. त्यानं गाडी थांबवली, नानांच्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं आणि म्हणाला, "माझ्या मागं या." तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. अनोळखी विमानतळावर काही शोधायचं असेल तर झाडणाऱ्या माणसाला विचारायचं. कुठलं दार उघडं आणि कुठलं बंद हे त्याला माहीत असतं, कारण ते दार त्यानंच पुसलेलं असतं.

शेवटची वीस-पंचवीस पावलं सांगायची गरजच पडली नाही. नाना आमच्या पुढे चालायला लागले. त्यांना वास आला होता.

काचेची खोली, सात-आठ माणसं मावतील एवढी. मी दार ढकलून नानांना आत सोडलं आणि बाहेर उभी राहिले. सुटाबुटातला एक माणूस, लष्करी पद्धतीनं केस कापलेला एक तरुण, गोरी मध्यमवयीन बाई, आखातात मजुरीला जाणारे असावेत असे भाऊ-भाऊ दिसणारे दोन पुरुष. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. भिंतीत सिगारेट पेटवायचं यंत्र बसवलेलं. बटण दाबलं की आतली तार लाल होते, तिला सिगारेटचं टोक लावायचं आणि ओढायचं. लायटर सगळ्यांचेच मघाच्या खोक्यात गेलेले असतात, म्हणून ही सोय.

नानांनी बटण दाबलं, बिडी लावली. पेटली नाही. पुन्हा लावली. बिडीला ज्योत लागते. सिगारेटचा कागद एकदा धरला की आपोआप जळत जातो, बिडीचं पान तसं जळत नाही. सतत ओढत राहिलं नाही तर हातातल्या हातात विझते. नुसत्या लाल तारेवर तिचं टोक काळं होत होतं आणि बस. 2016-17 च्या तंबाखू सर्वेक्षणात देशातले 7.7 टक्के प्रौढ बिडी ओढणारे निघाले आणि 4 टक्के सिगारेट ओढणारे. बिडीवाले जवळपास दुप्पट आहेत आणि त्या यंत्रावर बिडी पेटत नाही.

चौथ्यांदा तारेवरून हात मागे घेतला तेव्हा त्यांची बोटं थरथरत होती. मी काचेवर टकटक करणार होते, काय म्हणून ते मलाच माहीत नव्हतं. तेवढ्यात त्या दोन मजुरांपैकी थोरला पुढे झाला. त्यानं आपली सिगारेट दोन झुरके जोरात ओढली, टोक चांगलं लालबुंद केलं आणि नानांच्या बिडीला भिडवलं. दोघांची डोकी जवळ आली. नानांचे गाल आत गेले, एकदा, दोनदा, आणि धूर आला.

विस्तव देणं म्हणतात ते हे. लहानपणी अम्मा मला खापराचा तुकडा देऊन शेजारी धाडायची, "विस्तव मागून आण." दोन निखारे राखेत घालून मी जपून आणायची. आमच्या गल्लीत विस्तवाला कोणी नाही म्हणत नसे, भांडण असलं तरी.

अम्मा बिड्या वळायची. पूर्व भागातल्या बहुतेक घरांतल्या बायका वळायच्या, पुरुष मागावर आणि बायका बिडीवर. सकाळी कारखान्यातून पान आणि तंबाखू मोजून आणायचं. पानं रात्रभर ओल्या फडक्यात ठेवायची म्हणजे मोडत नाहीत. मग पत्र्याचा फर्मा पानावर धरून कात्रीनं कापायचं, शिरा बाजूला काढायच्या. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला तंबाखू, एका बाजूला कापलेली पानं. चिमूटभर तंबाखू पानावर पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी गुंडाळायचं, तोंड नखानं मुडपायचं, दोऱ्याचे दोन वेढे. हे सगळं ती बोलता बोलता करायची, खाली न बघता. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. हजार झाल्या की दिवस संपला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात बिड्या तपासल्या जायच्या आणि नापसंत पडतील त्या छाट. छाटीचे पैसे नाहीत. म्हणून अम्मा घरीच सैल झालेल्या, वाकड्या बिड्या बाजूला काढायची, उकलून परत वळायची. अगदीच फाटलेल्या पानाच्या ती नानांसमोर ठेवायची. आम्ही मोठे होईपर्यंत नानांनी दुकानातून बिडी विकत आणलेली मला फारशी आठवत नाही.

घरात तंबाखूचा धुरळा असायचा. भाकरीला, उशीला, माझ्या शाळेच्या वह्यांना तो वास. अम्माला खोकला होता. आम्हाला तो तिच्या आवाजाचाच एक भाग वाटायचा. 2006 साली सोलापूरजवळ कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत झाली, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं. माझ्या मावशीला तिथे घर मिळालं. ती म्हणायची, इथं खिडकी आहे बघ, धुरळा बाहेर जातो. आमच्या खोलीला एकच दार होतं. 2011 मध्ये अम्मा गेली. शेवटच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "या किती ओढायच्या?" तिनं जन्मात एकदाही बिडी ओठाला लावली नव्हती.

त्या काचेबाहेर उभी राहून हे सगळं मला आठवत होतं असं म्हणता येणार नाही. आठवायला कारण नंतर झालं.

नानांची पहिली बिडी संपत आली होती, दुसरी त्यांनी पहिलीवरच पेटवली. तेवढ्यात एक बाई आली. निळा गणवेश, केसांवर जाळी, हातात सुपली आणि लांब दांड्याचा ब्रश, दुसऱ्या हातात फवाऱ्याची बाटली. दारापाशी थांबून तिनं ओढणीचं टोक नाकावरून घेऊन कानामागे खोचलं, जसा आपण स्कूटरवर बसताना स्कार्फ बांधतो. मग एक श्वास घेतला, मला तो श्वास स्पष्ट दिसला, आणि आत गेली.

राखदाण्या काठोकाठ भरलेल्या होत्या. तिनं एकेक रिकामी केली. काचेला चिकटलेला पिवळसर थर फवारा मारून पुसायला घेतला. सुटाबुटातला माणूस तिच्या डोक्यावरून धूर सोडत फोन बघत होता. गोऱ्या बाईनं पाय उचलून तिला खाली झाडायला जागा दिली. नाना तिच्याकडे बघत होते. बिडी ओठात होती आणि ते ओढत नव्हते, म्हणजे ती विझणार होती. त्यांनी ती बोटांत घेतली, अंगठ्यानं टोक चिमटून विझवली आणि उरलेली कानावर ठेवली. मग काहीतरी म्हणाले. काचेमुळे मला ऐकू आलं नाही. लष्करी केसांच्या मुलानं त्यांच्याकडे बघितलं आणि आपली सिगारेट राखदाणीत दाबली. ते मजूर दोघेही थांबले. बाकीच्या दोघांनी ओढणं चालू ठेवलं. नानांनी कोपऱ्यातली पडलेली दोन थोटकं वाकून उचलली आणि त्या बाईच्या सुपलीत टाकली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणालात तुम्ही?

"म्हटलं, बाईचं होऊ द्या. मग ओढू."

यापुढचं मी त्या रात्रीनंतर वाचून, विचारून समजून घेतलं. आपल्याकडचा तंबाखू नियंत्रण कायदा 2003 चा आहे. त्याच्या चौथ्या कलमानं सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी केली, पण विमानतळ आणि मोठी हॉटेलं-उपाहारगृहं यांना वेगळी जागा ठेवायची मुभा दिली. 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांत ती जागा कशी हवी हे लिहिलेलं आहे. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार, धूर थेट इमारतीबाहेर टाकणारी व्यवस्था, आणि आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची हवा आत ओढली जावी, आतली बाहेर येऊ नये. विचार करून लिहिलेला नियम आहे. माझ्यासारख्या बाहेर उभ्या असणाऱ्यांचा त्यात विचार आहे. तरीही धूर पूर्ण अडत नाही. 2012 मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं तिथल्या विमानतळांवर मोजमाप केलं तेव्हा अशा खोल्यांच्या अगदी बाहेरच्या हवेतलं प्रदूषण धूरमुक्त विमानतळांच्या पाच पट निघालं. आतलं तेवीस पट.

आत जाऊन झाडणाऱ्या बाईचा विचार या आकड्यांमध्ये कुठे आहे, हे मी शोधत होते. प्रवासी त्या खोलीत दहा मिनिटं असतो. ती दिवसातून किती वेळा जाते? ओढणीचं टोक नाकाला लावून?

जगात या खोल्या बंद होत चालल्या आहेत. इंग्लंडमध्ये 2007 पासून इमारतीच्या आत ओढताच येत नाही, हीथ्रोवर सुरक्षा तपासणी ओलांडली की जागा नाही. थायलंडनं फेब्रुवारी 2019 मध्ये विमानतळांच्या आतल्या खोल्या बंद केल्या, अटलांटानं जानेवारी 2020 मध्ये. आपल्याकडेही 2020 च्या कायदादुरुस्तीच्या मसुद्यात ही मुभा काढून टाकायचं सुचवलं होतं. मी अम्माची मुलगी आहे, मला आनंद व्हायला हवा. पण नानांची बटणाशी खेळणारी बोटंही मी बघितली आहेत. खोली नुसती बंद केली तर ते स्वच्छतागृहात ओढतील, आणि स्वच्छतागृह झाडायलाही तीच बाई येते.

माझं मत सांगते. जागा उघड्यावर हवी. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टर्मिनल 1 मध्ये वर निवडुंगांची बाग आहे, मोकळ्या आकाशाखाली. मी गेले तेव्हा ओढणारे तिथे उभे होते, धूर वर निघून जात होता आणि झाडणारा माणूस तोंड न बांधता झाडत होता. ते जमत नसेल तर खोली दिवसातून ठरलेल्या वेळी रिकामी करावी, पंखे अर्धा तास चालू द्यावेत, आणि मगच कोणाला तरी आत पाठवावं. दारावर वेळ लिहावी. आणि पाटी मोठी लावावी, म्हणजे कुठल्या म्हाताऱ्या माणसाला मनाईच्या फलकाखाली बिडी ओठात धरून उभं राहावं लागणार नाही.

विमानात नाना शांत होते. तीन तासांनी स्वच्छतागृहात जाऊन आले आणि गोंधळलेले दिसले. दाराला राखदाणी आहे, म्हणाले, मग ओढू देत नाहीत असं का सांगतात? मी जाऊन बघितलं. दारावरच छोटं झाकण, वर बंदीचं चित्र, उघडलं की आत बोटभर जागा. पुढे कळलं की ती नियमानंच ठेवावी लागते. जुलै 1973 मध्ये ब्राझीलचं एक विमान पॅरिसच्या ऑर्ली विमानतळाजवळ येताना मागच्या स्वच्छतागृहातल्या कचऱ्याच्या डब्यातून आग लागली आणि 123 माणसं गेली. टाकलेली सिगारेट हे कारण असावं असं मानलं गेलं. बंदी मोडून कोणी ओढलीच, तर थोटूक कागदांच्या डब्यात जाऊ नये म्हणून ती राखदाणी. त्या वेळी मला हे माहीत नव्हतं. "ओढायची नाही नाना, तरी ठेवलीय," एवढंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कानटोपी डोळ्यांवर ओढली.

नाना अजून ओढतात. त्याच वर्षी सप्टेंबरपासून पाकिटांवर तंबाखू सोडण्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक छापायला लागले, 1800-11-2356. मी तो लावून दिला, ते त्या समुपदेशकाशी दोनदा नीट बोलले. दिवसाच्या वीसवरून चारवर आले आहेत. चारच्या खाली येत नाहीत आणि मी आता रोज विचारत नाही.

फ्रँकफर्टला पहाटे उतरलो. सामान घेऊन बाहेर पडलो तर भाऊ उभा होता, कडेवर पोरगी झोपलेली. दाराच्या एका बाजूला उंच स्टीलची राखदाणी आणि तिच्याभोवती चार-पाच माणसं. भावानं नानांचा चेहरा बघून खिशातून लायटर काढला, तो त्यांना ओळखतो. नानांनी कानावरची ती अर्धी बिडी काढली, प्रवासभर तिथेच होती. पेटवायच्या आधी त्यांनी राखदाणीच्या खालची फरशी बघितली. एकही थोटूक नव्हतं.

"इथलं कोण झाडतं रे?" त्यांनी विचारलं.

भाऊ म्हणाला, येतात कोणीतरी पहाटे, बघितलं नाही कधी.

नानांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, मग आमच्यापासून दहा पावलं लांब गेले, आमच्याकडे पाठ केली आणि वाऱ्याची दिशा बघून बिडी पेटवली.